दरपत्रकाच्या रेघा: लेटेकमध्ये तक्ता बांधतानाच्या नोंदी

काम असं आहे. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचं घाऊक दरपत्रक नव्याने बांधायचं. ए४ आकार, चोवीसेक पानं आणि मुखपृष्ठ सोडलं तर सगळा तक्ताच. जुनी फाइल कोरलड्रॉमध्ये आहे, अक्षरं युनिकोड नसलेल्या फाँटातली आणि प्रत्येक रेघ माउसने ओढलेली. मधे एक माल वाढला की खालच्या सगळ्या रेघा हाताने सरकवायच्या. दर वर्षी हेच. यंदा म्हटलं, एकदाचं झीलेटेकवर नेऊ. लेटेक म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायची संगणक-प्रणाली, झीलेटेक हे तिचं युनिकोड अक्षरं वाचणारं रूप. कुणी असंच काम अंगावर घेतलं तर उपयोगी पडेल म्हणून नोंदी ठेवतोय. आज्ञा इथे उच्चारल्याप्रमाणे लिहिल्या आहेत. फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत, मागचा तिरका दांडा लावून.

२ डिसेंबर

कारखान्यातून एक्सेल आलं. स्तंभ आठ: अनुक्रमांक, माल, माप इंचात, वजन ग्रॅममध्ये, पॅकिंग, घाऊक दर आणि शेवटी दोन रिकामे, 'खास दर' आणि 'शेरा'. हे शेवटचे दोन दिवाणजी पेनने भरतात, प्रत्येक व्यापाऱ्यासाठी वेगळे. पुढची बरीचशी ओढाताण या दोन रिकाम्या स्तंभांवरूनच झाली.

फाँट नोटो सेरिफ देवनागरी, आकार ११ पॉइंट. फाँट निवडणाऱ्या फाँटस्पेक पॅकेजला (पॅकेज म्हणजे लेटेकचं जोडसाधन) 'स्क्रिप्ट देवनागरी' स्पष्ट सांगायचं, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. एवढं झालं की मजकुराचा प्रश्न मिटतो. तक्त्याचा सुरू होतो.

४ डिसेंबर

पहिला तक्ता शिकवणीत असतो तसा केला. साधा टॅब्युलर, म्हणजे लेटेकचा मूळ तक्ता, स्तंभांच्या मधे उभ्या दांड्या, प्रत्येक ओळीनंतर एचलाइन, म्हणजे पूर्ण आडवी रेघ. पान बघून बसलोच. 'टर्किश'मधला रफार वरच्या रेघेला टेकलेला, 'जकार्ड'चाही तसाच. आणि ओळींची उंची सारखी नाही. रफार-वेलांटीची ओळ उंच, 'नॅपकिन'ची तिच्यापेक्षा कमी, 'पंचा'ची आणखी कमी. तक्ता जागोजागी फुगल्यासारखा दिसतो.

कारण शोधलं ते असं. लेटेक प्रत्येक ओळीत एक अदृश्य टेकू ठेवतं. ओळींमधलं अंतर जेवढं, त्याचे सत्तर टक्के वर आणि तीस टक्के खाली. ११ पॉइंटच्या मजकुरात ते अंतर १३.६ पॉइंट, म्हणजे वर साधारण साडेनऊ पॉइंट मिळतात. इंग्रजीला ते पुरतात. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असा सगळा संसार आहे. तो साडेनवाच्या पुढे जातो. अक्षर टेकूपेक्षा उंच झालं की ओळ अक्षराएवढीच उंच होते, वर श्वासाला जागा राहत नाही आणि रेघ थेट रफारावर येऊन बसते.

५ डिसेंबर

आजचा दिवस याच्यातच गेला, पण काम फळाला आलं.

आधी अ‍ॅरेस्ट्रेच १.५ केलं. ही ओळीची उंची पटीत वाढवणारी आज्ञा. वर जागा झाली, पण त्याच प्रमाणात खालीही झाली, आणि खाली तेवढी नको होती. मजकूर चौकटीत लोंबकळायला लागला, पानं वाढली. मग झीलेटेकच्या पोटातलं इंजिन झीटेक, त्याची स्वतःची एक किल्ली आहे, 'झीटेक यूज ग्लिफ मेट्रिक्स', ती शून्य केली. त्यामुळे प्रत्येक शब्दाची खरी उंची न मोजता फाँटची ठरलेली कमाल उंची सगळीकडे धरली जाते. ओळी एकदम सारख्या झाल्या. पण नोटोची ती कमाल उंची फारच सढळ आहे, पानावर पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी ओळी बसायला लागल्या. दरपत्रकात कागद म्हणजे पैसा. किल्ली परत एकवर.

मग सेलस्पेस पॅकेज. यात स्तंभाच्या खुणेआधी एक अक्षर लावलं की मजकूर आणि रेघ यांच्यात किमान अंतर राखलं जातं. रफार सुटला, पण ओळी पुन्हा उंच-ठेंगण्या, कारण ते ज्याला गरज आहे त्यालाच जागा देतं. एखाद-दुसऱ्या ओळीत अपूर्णांक किंवा सूत्र असेल तिथे हे छान आहे. सगळीच अक्षरं उंच असलेल्या लिपीला नाही.

शेवटी जे बसलं ते अ‍ॅरे पॅकेजमधलं 'एक्स्ट्रा रो हाइट'. हे फक्त वर जागा वाढवतं. अ‍ॅरेस्ट्रेच १.१५ आणि एक्स्ट्रा रो हाइट १.५ पॉइंट. आता टेकूची वरची उंची साडेबारा पॉइंटांच्या वर जाते, आमच्या यादीतलं सगळ्यात उंच अक्षरही त्याच्या आत राहतं, म्हणून कुठलीच ओळ स्वतःहून वाढत नाही. ओळी सारख्या, रफार मोकळा. तुमचा फाँट वेगळा असेल तर आकडे वेगळे येतील. चाचणीसाठी यादीतला सगळ्यात वाईट शब्द घ्या, 'टर्किश' आणि 'बॉर्डर'सारखा. 'नमुना मजकूर' टाईप करून बघण्यात अर्थ नाही, त्यात रफारच नाही.

एक बारीक गोष्ट. शिरोरेखा ही मुळात एक आडवी रेघच आहे, आणि ११ पॉइंटमध्ये ती तक्त्याच्या ०.४ पॉइंटच्या रेघेपेक्षा जाड असते. दोन्ही जवळ आल्या की डोळ्याला दुहेरी रेघ वाटते. म्हणजे वरची जागा केवळ रफारासाठी नाही, रेघ कुठली आणि अक्षर कुठलं हे कळण्यासाठीही आहे.

८ डिसेंबर

आठ स्तंभ ए४वर बसेनात म्हणून टॅबकॉलसेप, म्हणजे मजकूर आणि उभी रेघ यांच्यातलं अंतर, मुळातल्या ६ पॉइंटांवरून २ वर आणलं होतं. पान बसलं. प्रिंट काढून दिवाणजींना दाखवायला नेली.

दिवाणजींचं वय सत्तरीकडे. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, कागद डोळ्यांशी नेला आणि दराच्या स्तंभावर अंगठा ठेवून म्हणाले, "हे एकशेवीस आहे का एकशे साडेवीस?"

मी कागद हातात घेतला. दर १२०, उजवीकडे सरकवलेला, आणि त्याला खेटून दोन उभ्या रेघा. छापील दर आणि रिकामे स्तंभ वेगळे दिसावेत म्हणून तिथे मी दुहेरी दांडी दिली होती. जुन्या जमाखर्चात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. ज्या माणसाने निम्मं आयुष्य अशा वह्या लिहिल्या त्याच्यापुढे मी १२०॥ छापून ठेवलं होतं.

नंतर घरी बघितलं तर डावीकडेही तोच घोळ. 'गुलाब'च्या शेवटच्या बला खेटून रेघ आली की 'गुलाबा', 'मोर'चा 'मोरा'. आपल्या निम्म्याशा अक्षरांना उजवीकडे उभा दांडा असतोच. त्याच्याशेजारी त्याच उंचीची रेघ उभी केली की तिचा काना होतो. इंग्रजी मजकुरात २ पॉइंटांवर भागत असेल, इथे नाही.

दुहेरी रेघ काढली, तिथे एकच पण जाड दिली. टॅबकॉलसेप ५ पॉइंट. दराच्या स्तंभात उजवीकडे आणखी ४ पॉइंटांची मोकळी जागा स्तंभाच्या व्याख्येतच टाकली, म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळी द्यावी लागत नाही. रुंदीची भरपाई 'माल' स्तंभातून काढली. 'टर्किश टॉवेल' हे गटाचं नाव प्रत्येक ओळीत लिहायची गरज नव्हती, ते एकदाच आलं.

९ डिसेंबर

लेटेकवाले एकमुखाने सांगतात की तक्त्यात उभी रेघ नकोच, आणि आडव्या तीनच: वर, शीर्षाखाली, तळाशी. त्यासाठी सायमन फिअर यांचं बुकटॅब्ज पॅकेज आहे. टॉपरूल आणि बॉटमरूल जाड, मिडरूल बारीक, आणि रेघेच्या वर-खाली आपोआप मोकळी जागा. कालचा पाव-अर्ध्याचा प्रकार झाल्यावर मला हे फारच पटलं. सगळ्या उभ्या रेघा उडवल्या, पाच-पाच ओळींनंतर अ‍ॅडलाइनस्पेसने थोडी फट दिली. पान सुंदर दिसायला लागलं, खरंच.

कारखान्यात कुणालाच आवडलं नाही.

अण्णा, म्हणजे मालक, म्हणाले, "ही यादी झाली. दरपत्रक कुठंय?" ते मी कानाआड केलं असतं. पण दिवाणजींनी पेन काढून 'खास दर'च्या जागेत आकडे लिहून दाखवले. चौथ्या ओळीपासून त्यांचं अक्षर खाली घसरायला लागलं आणि आठवा आकडा नवव्या मालासमोर जाऊन बसला. चुकीचा दर व्यापाऱ्याच्या हातात गेला की तो दर द्यावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं मत त्या दुपारी बदललं. तीन रेघांचा नियम वाचायच्या तक्त्याचा आहे: प्रबंध, पुस्तकं, अहवाल. ज्या तक्त्यात माणूस पेनने लिहिणार, तिथे चौकट हा लिहिणाऱ्याचा रूळ आहे. पावतीपुस्तक, हजेरीपट, दरपत्रक यांना त्या नियमाने मोजू नये.

१२ डिसेंबर

तोडगा: पहिले सहा स्तंभ वाचायचे, त्यात उभी रेघ नाही. शेवटचे दोन लिहायचे, त्यांना पूर्ण चौकट. आडवी रेघ प्रत्येक ओळीला, पण बारीक.

बुकटॅब्जच्या आडव्या आणि साध्या उभ्या रेघा एकत्र वापरल्या की उभी रेघ तुटते. बुकटॅब्ज रेघेच्या वर-खाली जी मोकळी जागा सोडतं, तिच्यात उभी रेघ जात नाही. प्रत्येक छेदापाशी पांढरी खाच दिसते. उपाय दोन. एक, 'अबव्ह रूल सेप' आणि 'बिलो रूल सेप' दोन्ही शून्य करा आणि जागा एक्स्ट्रा रो हाइटमधून द्या. दुसरा, बुकटॅब्ज सोडून मेकसेल पॅकेजची एक्सएचलाइन वापरा, तिला जाडी थेट सांगता येते. मी दुसरा घेतला. अ‍ॅरे पॅकेज भरलेलं असणं इथे फायद्याचं ठरतं: त्याच्याशिवाय जाड रेघांच्या कोपऱ्यात बारीक चीर राहते, कारण साधं लेटेक उभ्या रेघेची जाडी रुंदीत मोजत नाही. अ‍ॅरे मोजतं. तक्ता किंचित रुंद होतो, कोपरे मात्र भरून येतात.

१५ डिसेंबर

पानं ओलांडणाऱ्या तक्त्यासाठी लाँगटेबल. स्तंभांची रुंदी पक्की व्हायला दोन-तीनदा चालवावं लागतं, पहिल्या फेरीत तक्ता वाकडातिकडा दिसला तर घाबरू नये. लॉगमध्ये 'पुन्हा चालवा' असं लिहिलेलं असतं, ते वाचावं.

पानाच्या तळाला रेघ जाड यायला लागली. शीर्षाखालचीही, पण दुसऱ्या पानापासून. जाडी कुठेच बदललेली नव्हती. लाँगटेबलमधली एचलाइन वेगळी वागते: ती एकाच जागी दोनदा छापली जाते, आणि पान तिथेच तुटलं तर एक खाली राहते, दुसरी पुढच्या पानावर जाते. सोय म्हणून हे उत्तम. पण मी एंडफुटच्या (पानाची तळओळ इथे संपते) आधी आणि एंडहेडच्या (शीर्ष इथे संपतं) आधीही एचलाइन दिली होती, म्हणून दोन्हीकडे रेघेला रेघ चिकटली. तिथल्या दोन्ही काढल्यावर बरोबर झालं. पहिल्या पानाचं शीर्ष वेगळं असतं, तिथे मात्र खालची रेघ राहू द्यायची.

१८ डिसेंबर

अण्णांना एकाआड एक ओळ फिक्या रंगात हवी. डोळा भरकटू नये म्हणून हे चांगलंच आहे. आधीच्या प्रिंटमध्ये मी रेघाही जाड ठेवल्या होत्या तेव्हा ते म्हणाले होते, "ही चौकड्याची लुंगी झाली की हो." तेव्हा रंग द्यायचा तर रेघा आणखी उतरवायच्या.

कलरटीबीएल पॅकेजने रंग दिला आणि निम्म्या रेघा नाहीशा झाल्या. गेल्या त्या सीलाइनच्या, म्हणजे काही स्तंभांपुरत्याच ओढलेल्या अर्ध्या रेघा. 'जकार्ड चादर' हा एक माल चार मापांत येतो, म्हणून डावीकडचं नाव चार ओळींत पसरलेलं आणि मापांच्या मधे अर्धीच रेघ. सीलाइन स्वतः उंचीची जागा घेत नाही. पुढची रंगीत ओळ येते आणि तिच्यावर रंगाचा पट्टा ओढते. पसरलेलं नावही असंच रंगाखाली गेलं. नावाचा इलाज सोपा: मल्टिरो, म्हणजे अनेक ओळींत पसरणारं घर, पहिल्या ओळीत न लिहिता शेवटच्या ओळीत लिहायचं आणि ओळींची संख्या उणे द्यायची, म्हणजे नाव सगळे रंग पडून झाल्यावर वर छापलं जातं. रेघांसाठी एचएचलाइन पॅकेज. त्यात जिथे रेघ हवी तिथे आडवी खूण, नको तिथे लाटेची. चाललं, पण लाटेच्या जागी पांढरी चीर राहिली, तिला पुन्हा रंग द्यावा लागतो. आठ स्तंभ, शेकड्यांनी ओळी. नको.

नाइसमॅट्रिक्स करून बघितलं. त्यात आधी रंग पडतो, मग रेघ, त्यामुळे छेद स्वच्छ येतात. एका पानाच्या तक्त्याला मी डोळे मिटून हेच सुचवेन. पण त्यातला तक्ता पान ओलांडत नाही. आमचा ओलांडल्याशिवाय राहत नाही.

१९ डिसेंबर

दुपारी वीज नाही. संध्याकाळ 'मिसप्लेस्ड नोअलाइन' या चुकीच्या संदेशात गेली. अर्थ एवढाच की एचलाइनच्या आधी ओळ संपवणारे दोन तिरके दांडे नाहीत. चूक ज्या ओळीत दाखवतात तिच्या वरची ओळ बघावी. भाचा मागून येऊन स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काय करलालास बे मामा, अजून रेघाच मारलालास का?"

२२ डिसेंबर

टॅब्युलररे. २०२१ पासूनचं, तुलनेने नवं पॅकेज, आणि इथेच थांबायला हवं होतं असं वाटतं. मजकूर एकीकडे, रेघा-रंग-अंतरं दुसरीकडे. वरच सांगायचं: सगळ्या आडव्या रेघा ०.३ पॉइंट, पहिली आणि शेवटची १ पॉइंट, उभी रेघ फक्त सातव्या स्तंभापासून, सम ओळींना फिका रंग, पहिली ओळ प्रत्येक पानावर पुन्हा. शेवटच्या रेघेसाठी आकड्याऐवजी झेड लिहिता येतं, ओळी कितीही वाढोत. ओळीच्या वरची आणि खालची जागा वेगवेगळी देता येते, ही आपल्या लिपीसाठी सगळ्यात मोठी सोय. वर ४ पॉइंट, खाली २. ५ तारखेची सगळी झटापट एका ओळीत आली. रंग आणि रेघ एकमेकांवर चढत नाहीत. पानं ओलांडायला लाँगटीबीएलआर आहे.

दोन त्रास. एक, हळू आहे. ते प्रत्येक घर मोजतं, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर लाँगटेबल जिथे काही सेकंदांत होत होतं तिथे चहा गाळून येईपर्यंत वेळ लागतो. जुळवाजुळव करताना दोन पानांपुरताच मजकूर ठेवावा. दुसरा त्रास चकवणारा: दरांच्या ओळी मी पायथन या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमने एक्सेलवरून वेगळ्या फाइलमध्ये तयार करून तक्त्याच्या पोटात इनपुटने ओढत होतो. लाँगटेबलला ते चालत होतं. टॅब्युलररे मात्र आतली फाइल उलगडायच्या आधीच घरं मोजतं, म्हणून सगळा मजकूर एकाच घरात कोंबला गेला. आता पायथनच तक्त्याची सुरुवात-शेवट धरून पूर्ण फाइल लिहितं आणि ती आख्खी ओढली जाते.

'पुढील पानावर चालू' ही तळओळ मुळात इंग्रजीत येते. 'कंटफुट' नावाचा साचा बदलून मराठी केली.

२७ डिसेंबर

पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. अण्णांचा फोन: तिसरी आणि सातवी रेघ जाड का, पाचवी गायब का?

सगळ्या सारख्याच आहेत. ०.४ पॉइंट म्हणजे ०.१४ मिलिमीटर, आणि ९६ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांच्या पडद्यावर ते अर्ध्या पिक्सेलच्या आसपास येतं, ०.३ तर त्याहून कमी. पडद्याला अर्धा पिक्सेल लावता येत नाही, मग कुठे पूर्ण लावतो, कुठे पुसट करतो. ६०० डीपीआयच्या लेझरवर ०.४ पॉइंटला तीनेक ठिपके मिळतात, तिथे प्रश्न येत नाही. अण्णांना एवढंच सांगितलं की बोटांनी पान मोठं करून बघा. त्यांनी बघितलं, पटलं. रेघेबद्दलची कुठलीही तक्रार आधी ४०० टक्के मोठं करून तपासायची, मगच फाइलला हात लावायचा.

५ जानेवारी

छपाई एकरंगी ऑफसेट. रेघा डोळ्यात भरू नयेत म्हणून मी त्या चाळीस टक्के काळ्या, म्हणजे करड्या केल्या होत्या. पडद्यावर आणि लेझरवर फार छान दिसत होत्या.

छापखान्यातल्या मामांनी पहिल्या फॉर्माची प्रूफ समोर ठेवली आणि न बोलता भिंग पुढे केलं. भिंगातून रेघ नव्हतीच. ठिपके होते, एक इथे, एक थोडा वर, मधे फट, मग अर्धवट कापलेला ठिपका. शिरोरेखा मात्र शेजारी काळीकुळकुळीत, सलग. एका शाईत करडा रंग असा नसतोच, तो ठिपक्यांच्या जाळीने भासवायचा असतो. इंचाला दीडशे ओळींच्या जाळीत ठिपक्याचं एक घर ०.१७ मिलिमीटरचं. माझी रेघ ०.१० ची. घरापेक्षा रेघच अरुंद, मग तिच्यात ठिपका पूर्ण मावणार कसा? ओळींमागचा फिका पट्टा त्याच जाळीतून व्यवस्थित आला होता, कारण तो रुंद आहे.

दोन प्लेटा वाया, सातशे रुपये माझ्या खिशातून. अण्णांकडे मागण्यासारखे नव्हते.

रेघ हलकी दिसायला हवी तर ती बारीक करायची, करडी नाही. आता आडव्या ०.३ पॉइंट शंभर टक्के काळ्या, लिहायच्या स्तंभांच्या उभ्या ०.५, बाहेरच्या वर-खाली १. पाव पॉइंटाच्या खाली जाऊ नका, असं मामांनी बजावलं. फोटोकॉपी काढली की त्या उडतात, आणि व्यापारी फोटोकॉपी काढतातच.

९ जानेवारी

सुधारलेली फाइल छापखान्याला दिली. संक्रांत तोंडावर आहे, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असतात आणि छापखान्यातली पोरं जागेवर सापडत नाहीत. छपाई यात्रेनंतरच.

२० जानेवारी

छपाई झाली. दिवाणजींनी पहिल्या प्रतीत 'खास दर' लिहून बघितले. आकडे आपापल्या घरात राहिले. त्यांची मागणी एकच: 'शेरा' आणखी पाच मिलिमीटर रुंद हवा, त्यात ट्रान्सपोर्टचं नाव मावत नाही. पुढच्या खेपेला 'माल' स्तंभातून काढता येईल.

२४ जानेवारी

सुताचा भाव वाढला म्हणून टॉवेलचे दर बदलले. छापील प्रतींवर चिकटवायला त्या तीन पानांच्या पट्ट्या हव्यात. एक्सेलमधले आकडे बदलले, पायथन चालवलं, झीलेटेक दोनदा. तेवढ्यात 'शेरा'ही रुंद केला, आणि तिथे फसगत झाली: 'माल' अरुंद झाल्यावर 'हॅण्ड टॉवेल डॉबी बॉर्डर' दोन ओळींत गेलं आणि पट्टीवरच्या घरांची उंची छापील पानाशी जुळेना. पट्ट्यांपुरता 'शेरा' परत जुन्या रुंदीवर आणला. नवी रुंदी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे. तिच्यात 'माल' स्तंभाचा फाँट १०.५ पॉइंट करून नाव एका ओळीत बसतं, रफारही सुटतो. वरची जागा तेव्हा ४ ऐवजी ३.५ पॉइंट पुरते.